काउंट बेसीच्या आधी: वॉल्टर पेज आणि जॅझच्या इतिहासाचा बहिरा कान

१/ 'काउंट बेसी ऑर्केस्ट्रा' हे नाव जॅझच्या प्रत्येक इतिहासात सापडते. त्या ऑर्केस्ट्राचा ताल ज्याने घडवला आणि ज्याच्या बँडमध्ये खुद्द बेसी एकेकाळी नोकरीला होता, त्या वॉल्टर पेजचे नाव मात्र बहुधा वादकांच्या यादीत शेवटी येते. ही साधी विस्मृती नाही. इतिहास लिहिण्याच्या एका सदोष पद्धतीचे हे फळ आहे. #थ्रेड

२/ प्रचलित कथा अशी सांगितली जाते: ऑगस्ट १९३५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनने स्विंगचे युग सुरू केले. बेसीने त्यात कॅन्सस सिटीचा रंग भरला. आणि १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टनकडे आलेल्या जिमी ब्लँटनने डबल बेसला 'नुसता ताल धरण्याच्या' कामातून मुक्त केले.

३/ यातले प्रत्येक विधान अर्धे खरे आहे. परंतु तिन्ही एकत्र ठेवली की एक प्रश्न अलगद गाडला जातो. ज्या चार मात्रांवर सारी अमेरिका नाचली, त्या मात्रा तशा सलग, समान आणि पुढे सरकणाऱ्या कोणी केल्या? 'नुसता ताल धरणे' हे ज्याला क्षुल्लक काम वाटते, त्याला हा प्रश्न पडतच नाही.

४/ वॉल्टर पेजचा जन्म ९ फेब्रुवारी १९०० रोजी मिसूरी राज्यातील गॅलाटिन या लहान गावी झाला. पुढे तो कॅन्सस सिटीत आला आणि तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या लिंकन हायस्कूलमध्ये शिकला. तेथे मेजर एन. क्लार्क स्मिथ हे कडक शिस्तीचे संगीतशिक्षक होते. फुंकवाद्याच्या बँडमधला हा धिप्पाड मुलगा त्यांच्याच सांगण्यावरून डबल बेसकडे वळला.

५/ पुढे त्याने कॅन्सस विद्यापीठात संगीतशिक्षकाचे शिक्षण घेतले. हा तपशील महत्त्वाचा आहे. कृष्णवर्णीय वादक म्हणजे 'उपजत लय असलेला, न शिकलेला कलावंत', हा समज दीर्घकाळ कौतुकाच्या वेषात वावरला. पेज स्वरलिपी वाचणारा, ट्युबा, बॅरिटोन सॅक्सोफोन आणि डबल बेस अशी तीन वाद्ये वाजवणारा प्रशिक्षित संगीतकार होता. त्याची लय विचारपूर्वक कमावलेली होती.

६/ ती लय कोणती, हे समजण्यासाठी थोडे तंत्र पाहावे लागेल. १९२० च्या दशकातील बहुतेक नृत्यबँडमध्ये तळाचा स्वर ट्युबा धरत असे. चार मात्रांच्या आवर्तनात तो पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर वाजे. दुसरी व चौथी मात्रा बँजो आणि पियानो भरून काढत. चाल उड्या मारत पुढे जाई, एक पाय जमिनीवर, एक हवेत.

७/ यामागे शरीराचेही एक कारण होते. ट्युबा फुंकणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो. द्रुत लयीत प्रत्येक मात्रेवर स्वर देत रात्रभर वाजवणे त्याला अत्यंत कठीण. तार छेडणाऱ्या बोटांना ती अडचण नाही. परंतु लाकडी बेसच्या तारेचा नाद दहाबारा वादकांच्या गदारोळातून पोहोचवायचा, तर मनगटात बळ आणि स्वरात भरीवपणा हवा.

८/ पेजकडे ते बळ होते. त्याने चारही मात्रांवर स्वर दिला आणि चारही स्वरांना सारखे वजन दिले. शिवाय तेच दोन स्वर पुन्हापुन्हा न वाजवता तो सप्तकातून पायरी-पायरीने वरखाली फिरत राहिला, एका स्वरसंघातून दुसऱ्यात वाट काढत. यालाच पुढे 'वॉकिंग बेस' म्हणजे चालता बेस हे नाव रूढ झाले.

९/ मराठी श्रोत्याला हे समजणे अवघड जाऊ नये. ख्यालाच्या मैफलीत तबलजी ठेका स्वच्छ आणि स्थिर धरतो, म्हणूनच गायक समेपासून दूर भटकून निर्धास्तपणे परत येऊ शकतो. ठेका डळमळला की आलापही आखडतो. पेज हा ठेका धरत होता आणि त्याच वेळी त्या ठेक्यातून एक स्वररेषाही चालवत होता.

१०/ आता बँडची कथा. १९२५ च्या सुमारास ओक्लाहोमा सिटीमध्ये एका फिरत्या नाट्यमंडळीचा खेळ बंद पडला आणि तिच्यातले वादक रिकामे झाले. त्यांना घेऊन पेजने 'ब्लू डेव्हिल्स' उभा केला. पुढे त्यात ट्रम्पेटवर हॉट लिप्स पेज, ऑल्टो सॅक्सोफोनवर बस्टर स्मिथ, गायनाला जिमी रशिंग आणि ट्रॉम्बोन व गिटारवर एडी डरहॅम आले.

११/ अशा बँडना 'टेरिटरी बँड' म्हणत. एखादे शहर मुक्कामाचे धरून ते शेकडो मैल मोटारीने फिरत आणि गावोगावच्या नृत्यगृहांत वाजवत. हा वर्णभेदाच्या कायद्यांचा काळ होता. कृष्णवर्णीय वादकांना वाटेतील बहुतेक हॉटेलांत थारा नसे. जिथे वाजवावे, तिथेच जेवायला मिळेल याची शाश्वती नसे.

१२/ १९२७ साली न्यू जर्सीचा एक तरुण पियानोवादक अशाच एका नाट्यमंडळीबरोबर ओक्लाहोमातील टल्सा येथे आला होता. सहाच वर्षांपूर्वी गोऱ्या जमावाने तेथील ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची समृद्ध वस्ती जाळून टाकली होती. एके सकाळी रस्त्यावरून येणाऱ्या संगीताने त्याला जाग आली. वाजवत होते ब्लू डेव्हिल्स.

१३/ त्या तरुणाचे नाव विल्यम बेसी. हा अनुभव त्याने पुढे आपल्या आत्मचरित्रात आवर्जून सांगितला आहे. १९२८ मध्ये तो पेजच्या बँडमध्ये दाखल झाला. म्हणजे 'काउंट' होण्याच्या कितीतरी आधी बेसी हा वॉल्टर पेजचा पियानोवादक होता. कथेतले कर्ता आणि कर्म इथेच उलटतात.

१४/ ब्लू डेव्हिल्स हा सामाईक मालकीचा बँड होता. खर्च वजा जाता उरलेली मिळकत सर्वांत समान वाटली जाई. कॅन्सस सिटीतील बेनी मोटेनचा बँड मात्र वेगळ्या पायावर उभा होता. मोटेनपाशी व्हिक्टर कंपनीचा ध्वनिमुद्रणाचा करार होता, कायमची कामे होती आणि पगार देण्याची ऐपत होती.

१५/ मग जे व्हायचे तेच झाले. १९२९ पासून मोटेनने पेजची माणसे एकेक करून उचलली: बेसी, डरहॅम, रशिंग, हॉट लिप्स पेज. संगीताच्या मैदानात पेजचा बँड बलाढ्य होता, पण भांडवलाच्या मैदानात तो टिकू शकला नाही. घेतलेली कामे फिसकटली, वादक संघटनेचा एक निर्णय विरोधात गेला आणि १९३१ मध्ये पेजने आपल्या बँडचे नेतृत्व सोडले.

१६/ थोड्याच दिवसांत तो स्वतःच मोटेनकडे वादक म्हणून रुजू झाला. ज्यांना त्याने एकत्र आणले होते, त्यांच्याच शेजारी आता तो दुसऱ्याच्या नावाखाली उभा होता. पराभूताची ही भरती चरित्रकारांना सहसा एका वाक्यापुरती वाटते. संगीताच्या दृष्टीने मात्र ती निर्णायक ठरली.

१७/ पुरावा हवा असेल तर दोन ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. पहिली मोटेनच्या बँडची १९२८ मधील 'साउथ'. तिच्यात तळाला व्हर्नन पेजचा ट्युबा आहे (आडनाव सारखे, एवढाच संबंध). चाल आनंदी आहे, पण दोन-दोन मात्रांच्या उड्यांनी पुढे जाणारी, दशकभरातील इतर अनेक बँडसारखीच.

१८/ दुसरी त्याच मोटेनच्या बँडची 'टोबी', १३ डिसेंबर १९३२ रोजी न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे मुद्रित झालेली. लय भरधाव, चारही मात्रा सलग, आणि संपूर्ण बँड जणू जमिनीपासून बोटभर वर तरंगतो आहे. त्याच दिवशी 'मोटेन स्विंग'ही मुद्रित झाले. या चार वर्षांत बँडमध्ये पुष्कळ काही बदलले. पण तळाशी ट्युबाच्या जागी वॉल्टर पेज आला होता, हा बदल कोणत्याही कानाला ऐकू येतो.

१९/ पॅलोमारच्या त्या गाजलेल्या रात्रीला तेव्हा अडीच वर्षांहून अधिक अवकाश होता. 'स्विंगचा राजा' हा किताब अजून कोणाला मिळालेला नव्हता. मोटेनचा बँड तर त्या दौऱ्यात जवळजवळ कंगाल झाला होता. महामंदीच्या तळात, रिकाम्या खिशाने, हे संगीत तबकडीवर उतरले. युगाचा आरंभ प्रसिद्धीच्या तारखेने मोजायचा की संगीताच्या, हे इतिहासकाराने ठरवावे.

२०/ एप्रिल १९३५ मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत मोटेनचा मृत्यू झाला. बेसीने कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमध्ये नवा बँड जमवला आणि १९३६ मध्ये पेज त्यात आला. हा बँड रेडिओवर ऐकून जॉन हॅमंड या धनाढ्य संगीतरसिकाने त्याला न्यूयॉर्कची वाट दाखवली. ब्लू डेव्हिल्सचा गाभा तिसऱ्यांदा एकत्र आला होता, तिसऱ्या नावाखाली.

२१/ मार्च १९३७ मध्ये गिटारवादक फ्रेडी ग्रीन आला आणि चौकट पूर्ण झाली: पियानोवर बेसी, गिटारवर ग्रीन, बेसवर पेज, ड्रमवर जो जोन्स. 'ऑल-अमेरिकन रिदम सेक्शन' म्हणून हे चौघे प्रसिद्ध झाले. यात कोणी काय सोडून दिले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

२२/ त्या काळचा पियानोवादक डाव्या हाताने तळाचा स्वर आणि ताल दोन्ही सांभाळत असे. पेजने ते ओझे उचलले. बेसीचा डावा हात मोकळा झाला. त्याची जगप्रसिद्ध काटकसर, म्हणजे दोन स्वर, मग शांतता, मग एक टिचकी, ही पेजच्या भरीव तळावर उभी आहे. तो तळ काढून घेतला, तर ती शांतता नुसती पोकळी वाटेल.

२३/ ड्रमचेही तेच. आधीचे ड्रमवादक पायाने मोठा ड्रम बडवून ताल धरत. जो जोन्सने ताल हाय-हॅटच्या झांजांवर नेला, मोठ्या ड्रमचा आघात हलका केला. पेज खाली असताना त्या दणक्याची गरजच उरली नव्हती. पेजकडून आपण वाजवायला शिकलो, हे जोन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

२४/ नोव्हेंबर १९३६ मध्ये शिकागोत एक छोटे ध्वनिमुद्रण झाले. डेका कंपनीच्या करारामुळे बेसीचे नाव वापरता येईना, म्हणून 'जोन्स-स्मिथ इन्कॉर्पोरेटेड' असे नाव दिले गेले. लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनसाठी ते अजरामर झाले. तेथे मोठा ड्रम नव्हता. यंगच्या त्या निर्धास्त भरारीखाली प्रामुख्याने पेजच्याच चार तारा होत्या.

२५/ आणि तो डेकाचा करार? २४ बाजूंना ७५० डॉलर, रॉयल्टी शून्य. खुद्द बेसीचीच ही गत, तर वादकांचा प्रश्नच नाही. जुलै १९३७ मध्ये मुद्रित झालेले 'वन ओ'क्लॉक जंप' बेसीच्या नावावर नोंदले गेले. प्रत्यक्षात ते बस्टर स्मिथ, डरहॅम, हॉट लिप्स पेज अशा अनेकांनी रात्रीमागून रात्री वाजवत रचलेल्या तुकड्यांतून घडले होते.

२६/ ध्वनिमुद्रिकेच्या मधल्या कागदी चकतीवर एकच नाव मावते. स्वामित्वहक्काच्या नोंदीत एकदोन. वृत्तपत्रातील छायाचित्राच्या मध्यभागी एकच चेहरा. इतिहासकार मग याच साधनांपाशी जातो आणि तीच नावे उतरवून घेतो. ज्याला आपण 'इतिहासाचा निवाडा' म्हणतो, तो पुष्कळदा व्यापाऱ्याच्या चोपडीची नक्कल असतो.

२७/ साधनांचा दुसरा दोष यांत्रिक आहे. १९२५ पूर्वीचे ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होई. डबल बेसचा खर्ज त्यात नीट उतरत नसे. विद्युत मुद्रण आल्यानंतरही टेरिटरी बँडना स्टुडिओ क्वचितच लाभे. ब्लू डेव्हिल्सची अख्खी संपदा म्हणजे नोव्हेंबर १९२९ मधील दोन बाजू. तोवर बेसी मोटेनकडे गेलाही होता. ध्वनिमुद्रण नाही म्हणून संगीत नव्हते, असे म्हणणे म्हणजे शिलालेख नाही म्हणून गाव नव्हते, असे म्हणण्यासारखे आहे.

२८/ आता आक्षेप. पहिला: चालता बेस पेजने शोधला नाही. मान्य. बिल जॉन्सन, पॉप्स फॉस्टर, वेलमन ब्रॉड हे न्यू ऑर्लीन्स परंपरेचे वादक त्याच्या आधीपासून चार मात्रांवर वाजवत होते. तरुणपणी ब्रॉडचा भरदार नाद ऐकून आपण भारावलो, हे पेजने स्वतः सांगून ठेवले आहे. फ्रँक ड्रिग्ज यांनी शब्दांकित केलेले त्याचे ते आत्मकथन त्याच्या मृत्यूनंतर १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले.

२९/ म्हणूनच पेजला 'जनक' ठरवून रिकाम्या देव्हाऱ्यात नवी मूर्ती बसवण्यात अर्थ नाही. त्याचे कर्तृत्व वेगळे आहे. इतरांकडे अधूनमधून येणारी एक युक्ती त्याने बँडच्या संपूर्ण श्रमविभागणीचा पाया केली. एका वाद्याची चाल बदलली आणि त्यामुळे इतर तीन वाद्यांचे काम बदलले. हे संघटकाचे कर्तृत्व आहे, आणि एकल वादनाच्या फूटपट्टीने ते मोजता येत नाही.

३०/ आक्षेप दुसरा: मग ब्लँटनचे काय? ब्लँटनचे थोरपण निर्विवाद आहे. अवघ्या २३ व्या वर्षी, १९४२ मध्ये, क्षयाने गेलेल्या या तरुणाने बेसला सॅक्सोफोनसारखे बोलते केले. परंतु त्याने बेसला 'मुक्त' केले ही भाषा तपासावी. या भाषेत साथ म्हणजे कैद आणि एकल वादन म्हणजे स्वातंत्र्य. पेजची चारही वाद्ये परस्परांना मोकळे करत होती, हे त्या भाषेला दिसतच नाही.

३१/ आक्षेप तिसरा: जाणकारांनी पेजची दखल घेतली आहे. खरे आहे. रॉस रसेल आणि गुंथर शुलर यांच्या ग्रंथांत त्याला मानाचे स्थान आहे. मग लोकप्रिय कथा का बदलत नाही? कारण नायक, त्याचा उदय आणि त्याचा मुकुट ही मांडणी सांगायला सोपी आहे. संशोधन ग्रंथालयात राहते आणि दंतकथा पडद्यावर जाते.

३२/ आणि हा प्रश्न कॅन्सस सिटीपुरता नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमध्ये आला आणि गोव्याच्या वादकांनी हे संगीत आपलेसे केले. अल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, पुढे सी. रामचंद्रांकडे काम करू लागले. 'अलबेला'तील स्विंग महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. त्या ऑर्केस्ट्रातील बेसवादकाचे नाव किती जणांना सांगता येईल?

३३/ जानेवारी १९३८ मध्ये बेनी गुडमनची कार्नेगी हॉलमधील ऐतिहासिक मैफल झाली. तिची वर्णने आजही रंगवून सांगितली जातात. त्यातील एका लांबलचक सामूहिक वादनासाठी बेसी, लेस्टर यंग, फ्रेडी ग्रीन यांच्यासह वॉल्टर पेजही त्या मंचावर होता. 'राजा' पुढे होता. ज्याच्या चालीवर ते राज्य उभे होते, तो मागे बेस धरून उभा होता.

३४/ १९४२ मध्ये पेजने बेसीला सोडले, १९४६ मध्ये तो परतला आणि दशक संपण्याआधी पुन्हा बाहेर पडला. नंतर तो न्यूयॉर्कमध्ये मिळेल तिथे साथ करत राहिला: एडी काँडन, जिमी रशिंग, बक क्लेटन, व्हिक डिकन्सन. २० डिसेंबर १९५७ रोजी तो वारला. कारकीर्दीभर त्याने शेकडो बाजू वाजवल्या, आणि त्याचे नाव बँडप्रमुख म्हणून फक्त त्या १९२९ च्या दोन बाजूंवर राहिले.

३५/ शेवटी एक प्रयोग. जोन्स-स्मिथच्या ध्वनिमुद्रणातील 'शू शाइन बॉय' लावावे. पहिल्यांदा लेस्टर यंग ऐकू येईल, आणि यावाच. मग तेच पुन्हा लावावे आणि कान खाली न्यावा. तिथे एक माणूस चालतो आहे. तो घाई करत नाही, थांबत नाही, आणि एकदाही पुढे येत नाही. तिसऱ्यांदा ऐकताना यंगसुद्धा वेगळा ऐकू येऊ लागतो.

(समाप्त)